डावीकडे ओढणारं चाक

मित्रांनो, माझं वय झालं आहे आणि माझं एक चाक डावीकडे ओढतं. दोन्ही गोष्टी आधीच सांगते, म्हणजे मागाहून कोणी बोट दाखवायला नको. फुटबॉलच्या मैदानावर पांढऱ्या रेघा आखणारी मी गाडी. वर पत्र्याची पेटी, खाली चार चाकं, मागे दांडा. पेटीत कोरडी भुकटी भरायची आणि ढकलत चालायचं, की खाली रेघ पडत जाते. मला बॅटरी नाही आणि पासवर्डही नाही.

माझा जन्म इंग्लंडचा. तिथल्या एका गावच्या क्लबात मी एकोणीस वर्षं राबले. तो क्लब इतक्या खालच्या लीगमध्ये खेळे की त्याखाली फक्त गवतच उरलं होतं. ज्या वर्षी आम्ही ती लीग जिंकली, त्याच वर्षी क्लब बंद पडला. आमचा मैदान राखणारा रॉन मुलीकडे मेलबर्नला निघाला. माणसं परदेशी जाताना फोटो नेतात, त्याने मला नेलं. वाटेत कंटेनरमध्ये माझ्यावर त्याच्या मुलीचा पियानो पडला आणि चाक वाकलं. रॉनने ते कधीच सरळ केलं नाही. "शीज गॉट कॅरेक्टर," एवढंच म्हणायचा.

रॉनने मला मेलबर्नच्याच पॉइंट कुक भागातल्या 'मावळे' क्लबाला देऊन टाकलं. हे मावळे म्हणजे पुण्यामुंबईचे आयटीवाले. सोमवार ते शुक्रवार मीटिंगा करायच्या आणि शनिवारी हरायचं, असा त्यांचा सात वर्षांचा शिरस्ता. क्लबची सेक्रेटरी डॉ. नीरजा. तिचे वडील विश्रामकाका पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन लेकीकडे राहायला आले होते. इथे गाडी चालवता येत नाही, रस्त्यावर गप्पा मारायला माणूस नाही. मग एके शनिवारी त्यांना मी सापडले.

रॉनने त्यांना शिकवलं. दोघांनाही कळतील असे पंचवीस इंग्रजी शब्द होते, तेवढ्यात भागत असे. दोरी ताणायची, दांड्यावर उजवा हात किंचित जड ठेवायचा, म्हणजे माझं डावं चाक ताळ्यावर राहतं. आणि रेघ आखताना बोलायचं नाही, मान वळवायची नाही. दोन वर्षांपूर्वी रॉन गेला. तेव्हापासून काका एकटे आखत. रेघा अशा, की कालव्यातून पाणी सोडावं.

यंदा मात्र आक्रीत घडलं. मावळे जिंकू लागले. जिंकणाऱ्या संघाला आधुनिक व्हावंसं वाटतं, हा जगाचा नियम आहे. कॅप्टन अवधूतने भाड्याने एक यंत्रमानव आणला. फोनवर बटण दाबलं की तो आपला आपण रंगाच्या रेघा मारायचा.

"काका, आता तुम्ही आराम करा," अवधूत म्हणाला.

"का रे? मी आजारी दिसतो का?"

पण मला शेडमध्ये बर्फाच्या पेट्यांमागे ढकललं गेलं. नीरजाने यादीही केली: मोडकी खुर्ची, फाटकी जाळी, मी. शेवटच्या सामन्यानंतरच्या सोमवारी कौन्सिलची गाडी हार्ड रबिश, म्हणजे घरोघरची मोठी अडगळ, उचलायला येणार होती. काका दर शनिवारी येऊन माझ्या दांड्यावर हात ठेवत आणि बाकावर जाऊन बसत.

शेवटचा सामना घरच्या मैदानावर, तीन वाजता. जिंकलो तर वरच्या लीगमध्ये, नाहीतर आहोत तिथेच. आणि अवधूतने ऐन त्या दुपारी यंत्रमानवाला नवं अपडेट दिलं. तो मधोमध एक सरळ रेघ मारत निघाला, गेटमधून बाहेर पडला, कार पार्क ओलांडलं आणि अवधूतच्याच गाडीच्या दारावर शेवटचा फराटा मारून बंद पडला.

"ऑफिसात तूच सांगतोस ना, शुक्रवारी रिलीज करायचं नाही म्हणून?" नीरजा कडाडली.

"अगं, आज शनिवार आहे," अवधूत बारीक आवाजात म्हणाला.

रेफरीने घड्याळ दाखवलं. अडीचपर्यंत मैदान आखलेलं नसेल, तर सामना न खेळताच हरलात. काकांनी मला शेडमधून ओढून काढलं. पण माझ्या भुकटीचं पोतं ओल लागून दगड झालं होतं.

"शोभाताई," काकांनी हाक मारली, "मंडळाची रांगोळी कुठाय?"

शोभाताई मराठी मंडळाच्या अध्यक्ष. आठवड्यावर गणपती आले होते, आणि स्पर्धेसाठी पांढऱ्या रांगोळीची पोती त्यांच्या गॅरेजमध्ये पडली होती. पाच मिनिटांत त्या पोत्यांसकट हजर झाल्या. रेफरीने चिमूट तळहातावर घेतली. "व्हॉट्स धिस, मेट?"

"स्टोन पावडर," काका म्हणाले. "फॉर गॉड."

"नो वरीज."

आणि मित्रांनो, मी निघाले! काकांचा उजवा हात जड, माझी चाकं कुरकुरत, खाली शुभ्र रेघ. चारही बाजू झाल्या. एका गोलसमोरची मोठी चौकट आखत होतो, तेवढ्यात शोभाताई मैदानाच्या कडेने धावत आल्या. "अहो विश्रामराव, थांबा! नुसती पांढरी रांगोळी ठेवतात का कुठे? हळदीकुंकू राहिलं!"

काकांनी मान वळवली. हात हलका झाला. माझं चाक डावीकडे गेलं आणि चौकटीला हातभर पोट सुटलं. पुसायला वेळ नव्हता. शोभाताईंनी चारही कोपऱ्यांत चिमूट चिमूट हळदीकुंकू वाहिलं. रेफरी पाहणी करत आला, कोपऱ्यात थबकला. "यलो अँड रेड ऑलरेडी?" म्हणाला, आणि पुढे गेला. मैदान पास झालं.

पहिल्या अर्ध्यात ती चौकट आमच्या वाट्याला होती. आमच्या मिहिरने एकाला पाडलं, ते नेमकं त्या पोटात, म्हणजे चौकटीच्या आत. पेनल्टी. शून्य-एक. मध्यंतराला काकांचा चेहरा रांगोळीहून पांढरा. ते थेट रेफरीकडे गेले. "दॅट लाइन राँग. माय मिस्टेक."

"आय पास्ड इट," रेफरी म्हणाला. "सेम फॉर बोथ टीम्स, मेट."

काका येऊन माझ्याजवळ उभे राहिले. "नीरजा, माझ्यामुळे हरणार गं सगळे."

"बाबा," नीरजा म्हणाली, "आता बाजू बदलतात."

काकांनी मैदानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ते पोट आता समोरच्या संघाच्या गळ्यात होतं!

सत्तराव्या मिनिटाला अवधूतने डोक्याने गोल केला. एक-एक. सामना संपायला तीन मिनिटं उरली असताना मिहिर डावीकडून घुसला आणि त्यांच्या धिप्पाड बचावपटूने त्याला आडवा केला. कुठे? सांगायला हवं का? बचावपटू बोट दाखवून ओरडला, "दॅट लाइन्स बेंट!"

"लाइन इज द लाइन," रेफरी म्हणाला आणि शिट्टी वाजवली.

अवधूतने चेंडू ठेवला. काकांनी डोळे मिटले, म्हणून मी उघडे ठेवले. चेंडू जाळीत! दोन-एक! सात वर्षं हरलेली माणसं मैदानभर लोळली आणि रांगोळीचा ढग उठला. पांढरेफटक मावळे काकांना खांद्यावर घेऊन नाचले. काकांनी दांडा सोडला नव्हता, त्यामुळे मीही थोडी नाचले.

सोमवारी कौन्सिलची गाडी आली आणि भाड्याने आणून परत केलेल्या यंत्रमानवाचं रिकामं खोकं घेऊन गेली. यादीतलं माझं नाव अवधूतने स्वतः खोडलं होतं. त्या वेळी काका मला तेल घालत होते. तीन चाकं झाली. चौथ्याला त्यांनी पाना लावला, जरा थांबले आणि पाना परत डब्यात ठेवला.

"कॅरेक्टर आहे," ते म्हणाले.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना तेल द्या, कोरड्यात ठेवा, अधूनमधून कामाला लावा. जुन्या माणसांचंही बहुधा तसंच असावं, तो विषय माझा नाही. पण कृपा करून आमचं सगळंच सरळ करायला जाऊ नका. एप्रिलमध्ये आम्ही वरच्या लीगमध्ये खेळणार आहोत. आणि रांगोळी शोभाताईंनी आत्तापासूनच बाजूला काढून ठेवली आहे, हळदीकुंकवासकट.