तिच्याएवढंच माझ्या ताटात

संघप्रियाचा सातवा महिना सरत आला होता आणि पोटातलं बाळ हवं तसं वाढत नव्हतं. बाकी तपासण्या ठीक होत्या. तीन आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी करू, तेव्हाही असंच दिसलं तर दवाखान्यात ठेवावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून माझा नातू आकाश हसायचा विसरला होता.

घरात खायला कमी नव्हतं. मी नाचणीची भाकरी, मसुराची आमटी, अंडी, सगळं करत होते. पण नातसून म्हणायची, "आजी, तुमी जेवा, मी नंतर बसते." ऑफिसचा डबा रिकामा यायचा. तो कोणाच्या पोटात जात होता कोण जाणे.

घणसोलीच्या आरोग्य केंद्रात सुचिता सिस्टर तिला तपासायच्या. त्यांच्या हुद्द्यात 'प्रसविका' असा शब्द आहे. मी आपली मनात त्यांना सुईणच म्हणते. संघप्रिया तपासणीसाठी रक्त द्यायला आत गेली, तेव्हा मी त्यांना बयाबाईची आठवण सांगितली.

बयाबाई आमच्या तुर्भ्याच्या वस्तीतली सुईण. मी पहिलटकरीण होते. पोटुशीने कमी खावं, म्हणजे पोर लहान राहतं आणि सुटका सोपी होते, असं सासूबाईंचं मत. बयाबाईने त्यांच्याशी कधी वाद घातला नाही. ती फक्त ऐन जेवणाच्या वेळी यायची.

"भूक लागलीय गो. पन मला एकटीला घास जात नाय, सुनेला बसव संगती. आनि तिच्या ताटात जेवढं, तेवढंच माझ्या ताटात वाढ."

घरी आलेल्या बाईला अर्धी भाकरी कशी वाढणार? सासूबाई दोन्ही ताटं भरायच्या. ती गेली की पुटपुटायच्या, "सुईन कसली, खादाड हाय नुसती." आकाशचा बाप त्या ताटांवर वाढला.

सिस्टर "बरं" म्हणाल्या आणि त्यांनी पुढच्या बाईला हाक मारली. मला वाटलं, म्हातारीची बडबड कोण ऐकतंय.

शनिवारी दुपारी बेल वाजली. दारात सिस्टर.

"आजी, सकाळपासून गावठाणात फिरतेय. जेवायला मिळेल का? पण मी एकटी नाही जेवत हं. संघप्रियाताई, या बसायला."

संघप्रियाने अर्धी भाकरी घेतली. सिस्टरनी तिच्या ताटाकडे बघून अर्धीच घेतली. तिने वाटीत चमचाभर आमटी घेतली, यांनीही तेवढीच.

"सिस्टर, घ्या ना अजून."

"नको, तुमच्याएवढंच. अजून बरीच घरं फिरायचीत, होईल कसंतरी."

"एवढ्यावर? चक्कर येईल तुमाला."

"तुम्हाला येत नाही?"

संघप्रियाने हातातला घास ताटात ठेवला.

"येते," ती हळूच म्हणाली. "माझ्या ताईचं बाळ मोठं होतं. सिझर झालं, टाके पिकले, कितीतरी दिवस तिला उठता येत नव्हतं. मला ते टेन्शनच नको होतं. डबा मी मैत्रिणींना देते."

"कमी खाऊन सिझर टळत नाही हो. बाळ तेवढं अशक्त होतं, आणि कळा द्यायला तुमच्या अंगात जोर राहत नाही. भीती वाटते ना, मग ती मला सांगा. त्या बाळाला कशाला उपाशी ठेवता? आता वाढा. मला खरंच भूक लागलीय."

संघप्रियाने आधी त्यांच्या ताटात अख्खी भाकरी ठेवली, मग स्वतःच्या. मी सुकट परतायच्या निमित्ताने ओट्याकडे गेले, कारण डोळे भरून आले होते.

पुढच्या दोन्ही शनिवारी सिस्टर आल्या. आकाश म्हणाला, "आजी, सिस्टरनी आपल्याकडे मेस लावलीय का?"

"गप बस," मी म्हटलं. "तुझी पणजी पण हेच म्हणायची."

सोनोग्राफीच्या दिवशी मी घरीच थांबले होते. आकाशचा फोन आला. बाळाने वजन धरलं होतं, दवाखान्यात राहायची गरज नव्हती. एवढं सांगून तो उगाचच हसत राहिला आणि मी फोन कानाला लावून ऐकत राहिले.

संध्याकाळी सिस्टर रिपोर्ट बघायला आल्या.

"छान. आता शनिवारी माझी वाट बघू नका. बोनकोड्याला एक बाई आहे, ती नीट जेवत नाही."

"मग थांबा जरा," संघप्रिया म्हणाली आणि तिने आपला ऑफिसचा डबा काढला. "सुकट देते भरून. तिच्याकडे असेल-नसेल."