रूपश्रीकडची प्रत

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसा आमचा मल्हार. पुण्याहून बेळ्ळंदूरच्या या कंपनीत आला, आणि नोकरी पक्की झाल्याचं पत्र त्याला याच आठवड्यात मिळायचं होतं. डायलिसिसच्या पेशंटांना घरून रुग्णालयात नेणाऱ्या गाड्यांचं काम कंपनी बघायची. कुणाला कुठून उचलायचं, ते सर्व्हरवरच्या एका साध्या टेक्स्ट फाईलमध्ये असे. तिच्या तळाशी नव्या गाडीची एक ओळ जोडायची, एवढंच आज त्याचं काम. पण एडिटर उघडायचाही गड्याला कंटाळा. त्याने काळ्या पडद्यावर थेट कमांड ठोकली. अशा कमांडीत दोन बाण दिले तर ओळ फाईलच्या शेवटी जोडली जाते; एकच दिला तर आधीचं सगळं पुसलं जातं. मल्हारने एकच दिला.

फाईलमध्ये ती एकटी ओळ उरली. मल्हारच्या तोंडचं पाणी पळालं. बॅकअप होता तो गेल्या आठवड्याचा, आणि पेशंट तर रोज बदलत. संध्याकाळच्या फेरीआधी गाड्यांचा प्रोग्राम ही फाईल नव्याने वाचणार होता. तो उठला, पाण्याच्या मशीनपर्यंत गेला आणि पाणी न पिताच परत आला.

काही सुचेना म्हणून त्याने फाईल एडिटरमध्ये उघडली, तर एडिटरने बजावलं, ही आधीच रूपश्रीने उघडून ठेवलेली आहे. रूपश्री म्हणजे टीममधली सीनियर, पिढ्यान्‌पिढ्यांची चिकपेटची, मराठीत कानडी शब्द मिसळून बोलणारी. आज घरून काम करत होती. तिच्या पडद्यावर जुनी फाईल शाबूत होती तर! पण तिने ती नुसती बंद केली की संपलं. मल्हारने घाईघाईने फोन लावला.

"अक्का, गाड्यांची फाईल प्लीज बंद करू नका. फक्त सेव्ह करा."

"मी वाचायला उघडलेली रे. सेव्ह कशाला?"

"करा ना. सहज."

"स्वल्प थांब. हे विचारतंय, तुम्ही वाचल्यानंतर फाईल बदललीय, तरी लिहू का? कोणी बदलली?"

मल्हारच्या मनात दोन-तीन थापा येऊन गेल्या. एकही धड नव्हती.

"मी. माझ्याकडून पुसली गेली. सगळी."

पलीकडून कीबोर्डची कळ वाजली.

"सरी, ठीक आहे. लिहिली. बघ."

सगळ्या ओळी परत आल्या होत्या. मल्हारला रडूच फुटायचं बाकी होतं. "वाचवलंत, अक्का! आता हे कुणाला सांगायला नको."

"माझी प्रत सकाळची आहे," ती म्हणाली. "त्यानंतर कुणी काय बदललं, ठाऊक आहे तुला?"

नव्हतं. टीमच्या ग्रुपवर विचारल्याशिवाय कळणारही नव्हतं, आणि त्या ग्रुपवर नोकरीच्या पत्रावर सही करणारे व्यंकोजी सरही होते. हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण! त्याने मेसेज लिहिला, खोडला. कुणी काही बदललं नसेल, असं मनाला बजावून पाहिलं. मन ऐकेना. "गाड्यांची फाईल माझ्या चुकीने पुसली गेली होती. सकाळची प्रत परत टाकलीय. त्यानंतर कुणी काही बदललं होतं का?" डोळे मिटून त्याने पाठवला.

सरांनी वाचल्याची खूण आधी उमटली. मग टीममधल्या श्रीवत्सचं उत्तर आलं.

"हो, मी. पेशंट तुंगाबाईंचा पत्ता बदलला होता. त्या के. आर. पुरमला नाहीत आता, लेकीकडे राहायला गेल्यात. जुन्या घराला कुलूप आहे."

संध्याकाळची गाडी त्या कुलपापाशीच जाऊन थांबली असती. "नवा पत्ता सांग, लगेच," मल्हारने लिहिलं. सर काय म्हणतील, हे त्या क्षणी त्याच्या डोक्यातही नव्हतं.