पाठीवर राघू असलेली कुंची

मित्रांनो, तान्ह्या बाळाचे मस्तक, कान आणि पाठ एकाच वेळी झाकणारी मी एक जुनी कुंची आहे. वडिवळे गावच्या आक्काबाईंनी आपल्या थोरल्या लेकीच्या बारशासाठी मला शिवले. वरून हिरवा खण, आतून त्यांच्याच मऊ झालेल्या लुगड्याचे अस्तर, कपाळावर रेशमी वेलबुट्टी आणि कडेला मण्यांची झालर, असे माझे रूप होते.

पुढे आमच्या आळीतील कितीतरी बाळांनी मला पांघरले. मला परत करण्यापूर्वी बाळाच्या आत्याने माझ्या पाठीवर एक राघू भरावा, अशी रीत पडली. सर्वच आत्यांचा हात सारखा नसे. शेजारच्या नंदाबाईंचे भरतकाम पाहून आक्काबाईंनी विचारले होते, "नंदा, ह्यो राघू हाय का बेडूक?"

"बेडूक म्हना मावशी, पर उडनारा हाय."

कालांतराने बाजारात तयार टोप्या आल्या आणि माझी रवानगी ट्रंकेत झाली. डांबरगोळ्यांच्या वासात माझी पुष्कळ वर्षे गेली.

यंदा आक्काबाईंच्या वराळ्यास राहणाऱ्या नातसुनेने, प्रेरणाताईंनी, मला बाहेर काढले. माझ्या कपाळावरील कारागिरी त्यांनी उजेडात धरून निरखली. मला काचेत मढवण्यासाठी तान्ह्या लेकीला व आक्काबाईंना घेऊन त्या लोणावळ्यास एका फ्रेमच्या दुकानात आल्या.

दुकानदाराने माझे माप घेतले. "ताई, मागचा भाग लांब होतोय. तेवढा कापला की फ्रेममध्ये नीट बसेल."

"चालेल. पुढची वेलबुट्टी तेवढी सांभाळा."

कात्री माझ्या पाठीला टेकली. आक्काबाईंना आता अंधुक दिसते. परंतु बोलणे त्यांनी ऐकले होते.

"पाठ कापल्यावर पोरीच्या अंगावर काय ऱ्हाईल?"

"आजी, ही आता घालायची नाही. भिंतीवर जपून ठेवायची."

"मंग मलाबी मढीव की. मी कुटं हिच्यापरीस नवी हाय?"

दुकानदार हसला. प्रेरणाताई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. बोटे एकेका राघूवर अडखळली. मग त्यांनी मला उचलले आणि लेकीच्या मस्तकावर चढवले. बंद मात्र आक्काबाईंनी चाचपून बांधले.

दुकानाबाहेर येताच बाळाने माझ्यावर दूध ओकले. प्रेरणाताई घाबरल्या. "आजी, डाग पडला."

"पडू दे. धुतला की जातुय."

मित्रांनो, आम्हां जुन्या वस्त्रांना गार पाण्यात हलक्या हाताने धुवावे, सावलीत वाळवावे. एवढी निगा आम्हांस पुरेशी आहे. परंतु जपण्याच्या नावाखाली आमचे काम आमच्यापासून हिरावून घेऊ नका. त्या दिवशी मला डाग पडला हे खरे; पण कित्येक वर्षांनी माझ्या आत कोणीतरी गाढ झोपले होते.