थांबवायचं कसं, ते उद्या

मी दोनशे पानांची वही बोलतेय. माझ्या गठ्ठ्यातल्या बाकीच्या वह्या शाळेत गेल्या. मला सडक अर्जुनीच्या दुकानातून रेणूनं नेलं, तिच्या धाकट्या भावासाठी. ओमेशनं सातवीतच शाळा सोडली होती.

रेणू गोंदियाच्या कॉलेजात संगणक शिकलेली. एकदा ओमेश म्हणाला, "मले बी शिकव." तिनं पुस्तकं आणली, पण सगळी इंग्रजीत. दोन पानांत त्यानं ती बाजूला सारली. मग पायथॉन नावाची संगणकाची भाषा शिकवायला तिनं मलाच पुस्तक केलं.

घरात संगणक नव्हता. माझ्या पुठ्ठ्याच्या आत तिनं कीबोर्ड काढला. ओमेश शेतातून यायचा आणि चिखलाच्या बोटांनीच त्यावर टाइप करायचा. रागवायचं तिनं सोडून दिलं.

एकच काम संगणकाकडून पुन्हा पुन्हा करून घ्यायचं, त्याला लूप म्हणतात. ते समजवायला रेणूनं माझ्यात धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर, काढली आणि भोवती धुरा, म्हणजे बांध. "धुऱ्याच्या आत जे लिहिलं, तेच तो करत राहते."

"मंग थांबते कवा?"

"आपण सांगू तवा."

"रोवण्यात कोण सांगते? हातातले पऱ्हे सरले का बाया आपोआप थांबतेत."

पऱ्हे म्हणजे रोवायची भाताची रोपं. रेणू हसली. "त्याचे पऱ्हे सरत नाहीत, येड्या." मग तिनं कपाळ धरलं. "अंग तापून राहिलं रे. बाकीचं उद्या."

"शिकवाचं नसन त सांग. नाटकं कायले करतेस?" ओमेशनं मला अंगणात भिरकावलं.

रेणूनंच मला उचललं, माती झटकली आणि एक ओळ लिहिली : 'थांबवायचं कसं, ते उद्या.' अक्षर वाकडं आलं. मलेरिया मेंदूत गेला होता. तिसऱ्या दिवशी गोंदियाच्या दवाखान्यातून तिचा देह गाडीतून आणला, तेव्हा ओमेश धुऱ्यावर बसून राहिला. जवळ गेला नाही.

तेरवीला आईनं, नंदाबाईनं, तिचे कपडे वाटले. माझ्याकडे बघून म्हणाली, "हे पाण्यात सोड, बाबू. मेलेल्याचं घरी ठेवू नाही." ओमेशनं मला शर्टात खुपसलं आणि थेट महामार्गावरचं कैलाशचं संगणकाचं दुकान गाठलं.

मला मांडीवर उघडून त्यानं एकेक अक्षर शोधत टाइप केलं. धुऱ्याच्या आत काम एकच : तिचं नाव लिही. आणि ते चाललं. पडदाभर रेणू, रेणू, रेणू. वरची नावं सरकत होती, खालून नवी येत होती. तेरा दिवसांत तो पहिल्यांदा हसला. मग सरायची वाट बघत बसला. नाव सरेना. त्यानं माझं पुढचं पान उलटलं. कोरं. त्याच्या पुढचंही.

"काऊन बे, मशीन जाळतोस का? बंद कर," कैलाश म्हणाला.

"येत नाही, भाऊ. तिनं सांगतलं नाही."

"दोन बटनं हायेत. दाबू?"

ओमेशनं त्याचा हात धरला. "राहू दे."

आता मी त्याच्या पेटीत आहे. कोपऱ्याला अंगणातली माती तशीच. रोज तो मला काढतो, ती ओळ वाचतो, पुढचं पान बघतो.

ओमेश, ती दोन बटणं कैलाशला ठाऊक आहेत. विचार आणि तुझ्या हातानं लिही. पण तू पेन उचलत नाहीस. त्या पानावर तिचंच अक्षर यावं म्हणून ते मोकळं ठेवून बसला आहेस. ते येणार नाही, बाबू, आणि हे तुला सांगायला माझ्याकडे तिनं एकही ओळ ठेवलेली नाही.