दुपारचे थेंब

इंदूरच्या डॉक्टरांनी एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा विकार, असल्याचं सांगितलं, तेव्हा अजेयच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. लहानपणापासून धांदरट, बेफिकीर असं ऐकून घेतलेल्या माणसाला अखेर कारण सापडलं होतं. गोळ्या दोन महिने चालल्या. अलार्म लावा, वहीत लिहून ठेवा, हे तर सुरूच झालं नाही. राहिलं फक्त नाव. काही चुकलं की तो मोबाईल पुढे करायचा. "माझा मेंदूच तसा आहे. रिसर्च आहे यावर."

यंदा त्याच्या वडिलांचं, खंडोजींचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्यांचे हात थरथरायचे, म्हणून दर दोन तासांनी डोळ्यात थेंब दुसऱ्यानं टाकायचे. बायको विनीता हाटपिपल्याच्या शाळेत शिकवायची. अजेय देवासला घरूनच काम करायचा, तेव्हा दिवसाचे थेंब त्याच्याकडे आले.

तिसऱ्या दिवशी तो सकाळपासून गेममध्ये गुंगला होता. दोन वाजता विनीताचा फोन आला.

"थेंब टाकले?"

"हो, टाकले ना."

फोन ठेवला तर बाबा समोरच खुर्चीत बसलेले, जागे. त्यांनी मान खिडकीकडे वळवली. पुढचे दोन दिवसही असेच गेले.

मग डोळा लाल झाला, ठणकू लागला. विनीता दोघांना घेऊन दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी डोळा तपासला. "संसर्ग झालाय. थेंब वेळेवर पडत होते ना?"

"अगदी वेळेवर," खंडोजी म्हणाले.

अजेयच्या जिभेवर नेहमीचं वाक्य आलं होतं. पण विसरणं मेंदूचं असेल, फोनवर 'टाकले' म्हणताना तो काहीच विसरला नव्हता.

"नाही," तो म्हणाला. "मी टाकतच नव्हतो. हिला खोटं सांगत होतो."

विनीतानं त्याच्याकडे पाहिलंही नाही.

ती औषधं आणायला गेली तेवढ्यात बाहेर बाकावर त्यानं विचारलं, "बाबा, तुम्ही का खोटं बोललात?"

"सवय, बेटा. तू शाळा बुडवायचास, तेव्हा चिठ्ठी मीच लिहून द्यायचो. पोराला ताप होता म्हणून."



महिन्यानं डोळा शांत झाला, नजर मात्र धूसरच राहिली. आता पेपरातले मथळे तेवढे खंडोजींना वाचता येतात. थेंब अजेय टाकतो, अलार्म लावून. विनीता संध्याकाळी येते आणि बाटली उजेडात धरून बघते.