घोट्याची पकड

१९८४ साल. नेरूळला तेव्हा रेल्वे नव्हती, सावलीला झाड नव्हतं, आणि दिवेलागणीनंतर तिकडे यायला रिक्षावाला कुरकुर करायचा. लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीतून वैजयंती सावंत, तिची आई आणि भाऊ अरविंद इथल्या नव्या इमारतीत राहायला आले, त्याला वर्ष होत आलं होतं. आईला स्वतःच्या घरातल्या मोरीचं कोण कौतुक! वैजयंतीचं मात्र अंग आंबून गेलं होतं. लालबागच्या मंडळात ती नऊ वर्षं कबड्डी खेळली होती. डावा कोपरा तिचा. चढाईवालीचा पाय तिच्यासमोर टेकतो न टेकतो, तोच वैजयंतीचे दोन्ही हात त्या घोट्यावर पडलेले असायचे. खाडी ओलांडली आणि मंडळ सुटलं. सव्विसाव्या वर्षी उरलं काय, तर तुर्भ्याच्या एका कारखान्याच्या कचेरीत टायपिंग, घरी येऊन भाकऱ्या, आणि रविवारी अरविंदने शोधलेली स्थळं.

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी ती समोरच्या बिऱ्हाडातल्या मीनाबरोबर शिरवण्याच्या बाजूला फिरायला गेली. गावापलीकडची मिठागरं नव्या शहरासाठी गेलेली. मीठ पिकणं थांबलं होतं, आणि जमीन तव्यासारखी सपाट आणि कडक पडली होती.

"वैजे, तो बघ," मीना म्हणाली, "तो माणूस हातांवर चालतोय!"

माणूस हातांवर चालत नव्हता. तो चक्रासारखा फिरून पायांवर येत होता, डुलत होता, खाली बसून एका हातावर भार घेऊन पाय भिरकावत होता, आणि पुन्हा डुलत होता. त्याच्या शेजारी एक जण बांबूच्या धनुष्याला वाळका भोपळा बांधून त्याच्या तारेवर काडीने वाजवत उभा होता.

डुलणारा होता शिरवण्याचा वामन म्हात्रे, मालवाहू बोटीवरचा खलाशी. त्याची बोट ब्राझीलच्या सांतोस बंदरात काही तंट्यात पाच महिने अडकली होती. तिथल्या हमालांकडून तो हा खेळ शिकून आला होता. नाव कपोएरा. वाजवणारा त्याचा धाकटा भाऊ पोपट.

"गुलामांची मारामारी हाय ती, बाय," वामनने वैजयंतीला सांगितलं. "मालकाला वाटावं नाचतात. म्हनून वाजवायचं, म्हनून डुलायचं."

"मला शिकवाल, वामनदादा?"

वामनने आधी तिच्याकडे बघितलं, मग पोपटकडे. "मैत्रीन घेऊन येत असशील तर ये," तो म्हणाला. "नि गावात बोलू नको."

पुढच्या रविवारपासून दोघी जायला लागल्या. सलवार-कमीजवर ओढणी कमरेला बांधून. घरी सांगायचं, फिरायला जातो.

पहिला दीड महिना वामनने तिला नुसतं डुलायला लावलं. त्याला तो जिंगा म्हणायचा. एक पाय मागे, मग दुसरा मागे, पावलांचा तिकोन, आणि समोर आडवा हात. सोपं दिसायचं. पण वैजयंती खाली वाकून दबा धरून बसायची आणि तिचे दोन्ही हात आपोआप पुढे यायचे.

"हात चोरावानी पुढं का येतात तुजे? कुनाचं पाकीट मारायचं हाय?"

"सवय आहे हो दादा, कबड्डीची."

"ती सवय सोड. हितं धरायचं नाय, कुनाला पाडायचं नाय. लाथ आली की वाट द्यायची, नि आपली लाथ त्याच्या नाकाशी नेऊन थांबवायची. मारू शकत व्हतो, पन मारलं नाय, हे ज्यानं दाखवलं त्यो जिंकला."

वैजयंतीला हे पटायला फार जड गेलं. जिच्या आयुष्यातली सगळी शाबासकी पकडीची, तिला वाट देणं म्हणजे हार वाटायची. रात्री मांड्या ठणकायच्या. मार्चमध्ये तिला पहिलं चक्र नीट जमलं, पाय आकाशात सरळ. उलट्या डोळ्यांना बांध आणि खाडी दिसली, आणि ती पोरीसारखी हसली. एप्रिलमध्ये मीना म्हणाली, "आता तू बरी दिसतेस. आधी म्हशीला विंचू चावल्यासारखी दिसायचीस."

त्याच दिवसांत डोंबिवलीचं एक स्थळ तिला बघून गेलं. मुलगा बँकेत. पत्रिका जुळली, पसंतीही आली. बोलणी मे महिन्यात ठरायची होती.

मेच्या पहिल्या रविवारी वामन म्हणाला, "चार महिने झाले. आज तू नि मी."

पोपटने तार छेडली. रिवाजाप्रमाणे दोघं धनुष्यापाशी उकिडवे बसले, हातात हात दिला आणि चक्र घेऊन आत आले. मीना टाळ्या वाजवत होती. वैजयंती डुलली. लाथ डोक्यावरून गेली तेव्हा ती खाली होती, दुसरी आली तेव्हा ती बाजूला होती. आपण कधी एवढ्या हलक्या होतो असं तिला आठवेना. वामन चेकाळला.

"वा गं! आता झोप आली वाटतं? उठ, शाळा सुटली!" आणि त्याचा पाय वळून तिच्या कानाशी आला, हळू, दाखवण्यापुरता.

तिने विचार केला नाही. हातांनी केला. दोन्ही हात घोट्यावर बसले, खांदा गुडघ्याखाली गेला, आणि नऊ वर्षांची पकड एका क्षणात पुरी झाली. वामन उंच उचलला गेला आणि डाव्या हातावर पडला. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आला.

पोपटचं वाजवणं थांबलं. वैजयंतीच्या हातात अजून तो घोटा होता.

"सोड," वामन म्हणाला. चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज खालचाच. "सोड, बाय. नि घरी जा दोघी. मी बांधावरून घसरलो. समजलं? पोपट, तूपन."

"दादा, दवाखान्यात—"

"परक्या बाईनं पाय धरून वामनला पाडला, हे गावात गेलं तर मी तोंड कुठं दाखवू? नि तुजं लग्न?"

तिचं लग्न ही गोष्ट तिने मागे बोलता बोलता सांगितली होती. तिला वाटलं नव्हतं, की तो लक्षात ठेवेल.

वामनची बायको सरस्वती. ती रोज सकाळी टोपली घेऊन वैजयंतीच्या इमारतीखाली मासळी विकायला बसायची. तोंडाची फटकळ, हाताची सैल. वाटा उचलला, की वर दोन कोलंब्या टाकल्याशिवाय तिला चैन पडत नसे. तिसऱ्या दिवशी वैजयंती पातेलं घेऊन खाली गेली, तेव्हा सरस्वतीचे डोळे सुजलेले होते.

"काय झालं वहिनी?"

"काय व्हायचंय? बांधावरून पडला म्हनं. सकाळच्या पारी, कोरड्या बांधावरून! जन्म गेला त्या बांधावर. पिऊन पडला, बाय. सांतोसवरनं आल्यावर कार्ल्याला एकवीरेपुढं आन घेतली व्हती, थेंब शिवनार नाय म्हनून. ती मोडली."

वैजयंतीच्या तोंडाशी शब्द आले होते. वरून आईने हाक मारली, "वैजू, डोंबिवलीकर मंडळी रविवारी येतायत गं!" सरस्वतीने वाटा पातेल्यात ओतला आणि वर दोन कोलंब्या टाकल्या. वैजयंती त्या घेऊन वर आली.

दिवस जात राहिले. सकाळी सरस्वती येत होती, रोज थोडं थोडं सांगत होती. त्याच्याशी बोलत नाही. ताट सरकवते नि पाठ फिरवते. हाडवैद्याने हात बांधलाय, सूज उतरत नाही. "सुजू दे. दारूचा हात हाय त्यो." वैजयंती मान हलवायची. रविवारी बोलणी झाली, साखरपुड्याची तारीख निघाली. मीनाने जिन्यात तिला गाठलं.

"सांगणार आहेस का?"

"तारीख होऊन जाऊ दे."

"आणि मग लग्न होऊन जाऊ दे. आणि मग बारसं." मीना एवढंच बोलली आणि दार लावून घेतलं.

बाविसाव्या दिवशी इमारतीखाली चार बायका टोपलीभोवती बसल्या होत्या. एकीने विचारलं, "मालक कसे आहेत?" आणि सरस्वती म्हणाली, "मेला असता तर रडले तरी असते."

वैजयंतीच्या हातातलं पातेलं खाली ठेवलं गेलं.

"वहिनी, ते प्यायले नव्हते. त्यांना मी पाडलं."

बायका हसल्या. सरस्वतीही हसली. "तू? त्या धिप्पाड बाप्याला?"

मग वैजयंतीने सांगितलं. मिठागर, रविवार, चार महिने, सगळं. सांगता सांगता तिला तिसऱ्या मजल्यावरच्या काकू कठड्यावरून वाकलेल्या दिसल्या. तिने थांबायचं नाही असं ठरवलं.

सरस्वती उठली. लुगडं ओढून पाय पुढे केला. पायाला खवले चिकटले होते.

"धर."

"वहिनी, नको."

"धर म्हनते ना! कसा धरलास ते दाखव."

वैजयंती वाकली. हात घोट्यावर बसले आणि बसताक्षणी खांदा पुढे सरकला. सरस्वतीचा तोल गेला, तिने जिन्याचा कठडा पकडला. वैजयंतीने लगेच सोडलं. सरस्वतीने आपल्या घोट्यावर उमटलेली बोटं बघितली. बराच वेळ बघितली.

"खरं बोलते हाय," ती स्वतःशीच म्हणाली. मग हळू आवाजात, "बावीस दिवस. प्यायला म्हनून मी त्याचा हात बघितला नाय. सोडला असता मी त्याला हाडवैद्याकडं? ओढत नेला असता मुंबईला. लग्नापायी गप बसलीस?"

"हो."

"सांगितलंस ते चांगलं केलंस. उशिरा सांगितलंस ते वाईट केलंस. दोन्ही तुज्याकडं राहू देत."

तिने टोपली उचलली आणि अर्धी मासळी तशीच घेऊन निघून गेली. दुपारी ती वामनला घेऊन मुंबईच्या बसमध्ये बसली. डॉक्टरांनी हाताचा एक्स-रे काढला. मनगटाचं हाड वाकडं जुळून आलं होतं.

जुलैत बोटीच्या कंपनीची तपासणी झाली. डाव्या हाताची मूठ मिटत नाही, म्हणून वामन नापास झाला. डोंबिवलीहून त्याआधीच निरोप आला होता, की पत्रिका जुळत नाही. तीच पत्रिका एप्रिलमध्ये छत्तीसपैकी सव्वीस गुणांनी जुळली होती. अरविंद बहिणीशी महिनाभर बोलला नाही. आई बोलली, पण मोरीत तोंड घालून.

पाऊस संपल्यावर वैजयंती एका रविवारी एकटीच मिठागरावर गेली. वामन बांधावर बसला होता, मांडीवर धनुष्य. डाव्या हातात ते उभं राहत नव्हतं. भोपळा पोटाशी टेकवायचा प्रयत्न केला, की बोटांतून निसटायचं.

ती समोर उकिडवी बसली. तिने धनुष्य दोन्ही हातांनी धरलं आणि सरळ उभं केलं. वामनने उजव्या हाताने काडी मारली. तार वाजली.

"घट्ट धरू नको," तो म्हणाला. "आवाज मरतो."

वामन पुन्हा समुद्रावर गेला नाही. तुर्भ्याच्या एका गोदामावर तो अकरा वर्षं फाटक सांभाळत होता, आणि त्याने दारूला शेवटपर्यंत शिवलं नाही. पोपट आखातात गेला, तिकडेच कामाला राहिला, आणि दर गणपतीला यायचा. मीनाने नाशिकच्या शिक्षकाशी लग्न केलं. तिच्या मुलीला चक्र घेता येतं. अरविंदने स्वतःचं लग्न झाल्यावर बहिणीला माफ केलं. वैजयंतीने लग्न केलं नाही. ती निवृत्त होईपर्यंत त्याच कचेरीत टायपिंग करत राहिली, आणि मिठागरावर इमारती उठेपर्यंत रविवारी तिथे जात राहिली. पुढे खेळताना तिचे हात कधी पुढे आले नाहीत. ते मागे धरायला मात्र तिला दर वेळी मुद्दाम लक्ष द्यावं लागे.

सरस्वती आणखी दहा वर्षं इमारतीखाली मासळी विकत होती. वैजयंतीला तिने कधी शिळी मासळी दिली नाही. वाटा भरून द्यायची, घरची विचारपूस करायची. वर दोन कोलंब्या मात्र तिने पुन्हा कधीच टाकल्या नाहीत, आणि वैजयंतीनेही कधी मागितल्या नाहीत.