सिंधूताईंच्या गुडघ्याखाली

मी पट्टी बोलतेय. शाळेच्या दप्तरातली नव्हे. कामठीच्या सिंधूताईंच्या उजव्या नडगीच्या हाडावर, गुडघ्याच्या अगदी खाली, स्क्रूंनी आवळून बसवलेली. जागची हलू शकत नाही, पण जिवाला चैन म्हणून नाही. माझ्यावर आळ आलाय!

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. यंत्रमागापुढे उभं राहून राहून ताईंचा पाय धनुकलीसारखा वाकला होता. सगळा भार गुडघ्याच्या आतल्या बाजूवर. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, "सांधा बदलू, पण मग खाली बसणं सोडावं लागेल."

ताई उसळल्या, "विहारात वंदना मलेच सांगा लागते जी. खुर्चीवर बसून सांगू?"

मग डॉक्टरांनी हाड कापून पाय सरळ केला आणि राहिलेली फट भरेपर्यंत राखणीला मला बसवलं. हाड जुळलं, माझं काम संपलं, पण मला काढायचं कोणाला सुचलं नाही. दर रविवारी ताईंबरोबर मीही सतरंजीवर टेकायची. फार चांगले दिवस होते ते.

दोन हिवाळ्यांपासून दुखणं परतलं. आणि खापर कोणाच्या माथी? माझ्या! "थंडीत लोखंड गार पडते, तेच दुखून राहिलं," ताई सांगायच्या. शेजारणी माना डोलवायच्या. अहो, मी लोखंडाची नाहीच मुळी, टायटॅनियमची आहे! पण माझं ऐकतो कोण?

डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो दाखवला. "पट्टीचा दोष नाही, ताई. ऑपरेशननं इतकी वर्षं दिली. आता सांध्यातली गादीच झिजली. सांधा बदलावा लागेल."

"पहिले पट्टी काढा," ताई अडून बसल्या. मला काढायची तारीखसुद्धा ठरवून आल्या.

परवाच्या रविवारी विहारात त्या गुडघे टेकून वाकल्या आणि उठताच येईना. लेक मयुरा धावली. "माय, खरं दुखणं काहून लपवून राहिली वं?"

"पट्टीच हाये ते..."

"माय!"

ताईंनी माझ्यावर हात ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "नाई वं. हिचा काई दोष नाई. गुडघाच गेला माहा. आण खुर्ची."

खुर्चीवरून त्यांनी वंदना सुरू केली. आवाज तोच खणखणीत. नजर मात्र खाली, सतरंजीवरच्या आपल्या रिकाम्या जागेवर.

मी निर्दोष सुटले. पण खरं सांगू? दोष माझाच निघायला हवा होता. मला काढलं असतं, आणि ताई पुन्हा खाली बसल्या असत्या.